मी सॉरी म्हणालो तेव्हा

७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला आज बसलोय. कानात ती गुणगुण सुरू झाल्यापासून तू फोन सोडलास म्हणून पत्रं आली, आणि मी पत्राचा आळशी म्हणून तुझी बोलणी आली. आज हिने आठवण केली, थोरलीने पेन आणून दिलं आणि धाकटीने त्याचं टोपण चावून ठेवलं. घरी सगळे बरे आहेत. धाकटीचा पुढचा दात पडलाय. फोटो काढू देत नाही, तोंडावर हात ठेवून हसते.

माझं मात्र बरं नाही. तब्येतीचं नव्हे, कामाचं.

ज्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे आहे, त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर शिवणाऱ्या मावशी राहतात. एकट्याच. साठी उलटलेली, गुडघे पार कामातून गेलेले, पण हाताला अशी सफाई की शाळांच्या नाटकांचे पोशाख लांबलांबून त्यांच्याकडेच शिवायला येतात. गेल्या रविवारी सकाळी लिफ्ट चौथ्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबली. मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडत होत्या. पाऊल काठाला अडलं आणि त्या आडव्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं.

सोमवारी मी हॉस्पिटलात गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो, पण कॉटजवळ पोचल्यावर तोंडातून एवढंच निघालं, सॉरी, मावशी. त्यांचा भाचा तिथेच बसला होता. त्याने कंपनीला लिहून कळवलं की तुमच्या मेकॅनिकने आमच्यासमोर चूक कबूल केली आहे.

काल कंपनीच्या कायदा विभागातल्या बाईंनी बोलावलं. माणूस म्हणून चांगल्या आहेत, आधी बसा, पाणी घ्या म्हणाल्या. मग एक कागद पुढे केला. त्यावर टाईप केलेलं असं: झालेल्या घटनेबद्दल मला खेद वाटतो, मी सॉरी म्हणालो ते केवळ सहानुभूतीपोटी, त्यात कोणत्याही चुकीची कबुली नव्हती. बाई म्हणाल्या, इंग्रजीत एखाद्याचं माणूस गेलं तरी सॉरीच म्हणतात, म्हणून काय म्हणणाऱ्याने त्याला मारलेलं असतं? वीस तारखेपर्यंत सही करून द्यायची आहे.

तू आयुष्यभर भाषांतरं करत आलीस. मी पाना-पक्कडीचा माणूस. मला एवढंच सांग, सॉरीचा असा अर्थ होतो का? आणि होत असेल तर सही करताना माझा हात का अडतोय?

तुझी माया आहे म्हणून हा बोजा तुझ्या दारात टाकतोय. रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. टोपण चावल्याच्या खुणा अक्षरातही दिसतात, पेन कुठे कुठे थुंकलंय. मावशींचं वाचून जीव कळवळला. उतारवयात खुब्याचं हाड म्हणजे फार वाईट दुखणं. त्यांच्याकडे करायला कोण आहे? भाचा राहतो का सोबत?

आता तुझा प्रश्न. ऑफिसात सध्या माझ्या टेबलावर कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक आहे, आणि त्यातही हा शब्द पाच वेळा आलाय. म्हणजे तुझ्याआधी मीच त्याच्याशी झटत होते.

तुझ्या कायदावाल्या बाई खोटं बोलत नाहीत. इंग्रजीतलं सॉरी ही मोठी सैल पिशवी आहे. कोणाचं माणूस गेलं तरी सॉरी, पायावर पाय पडला तरी सॉरी, नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी. हा शेवटला माझा रोजचाच. आपल्याकडे मात्र प्रत्येकाला वेगळी जागा आहे. वाईट वाटलं, हे कोणीही कोणाबद्दल म्हणावं. खेद हा कागदावरचा शब्द. त्यात झालेली गोष्ट असते, ती करणारा नसतो. गाडी उशिरा येते तेव्हा स्टेशनावर जो आवाज खेद व्यक्त करतो, त्या आवाजाला चेहरा असतो का? दिलगिरीत माणूस असतो, पण गळ्यापर्यंत बटणं लावून, चार हात लांब उभा. क्षमस्व हा पाटीवरचा. लहानपणी तू दुधाचं भांडं लवंडलंस तेव्हा आईला क्षमस्व म्हणाला असतास, तर तिने आधी तुझा ताप बघितला असता. माफी मागायची म्हटली की समोर दुसरं माणूस लागतं. आपण मागायची, द्यायची की नाही ते त्याने ठरवायचं. आणि सगळ्यांच्या तळाशी घरातलं साधं वाक्य, माझं चुकलं. त्याच्यामागे लपायला काहीच जागा नाही.

तू सॉरी म्हणालास तेव्हा यातलं काय तुझ्या मनात होतं, ते कोणाला सिद्ध करता येणार नाही. म्हणून माझं ऐक, सही कर. यंत्र आहे, बिघडतं. तुला वाईट वाटलं हे खरंच आहे, कागदही तेवढंच म्हणतो. दोन मुली आहेत तुझ्या. भावनेच्या भरात वीस वर्षांच्या नोकरीला धोंडा बांधू नकोस. मावशींना भेटायला जात राहा, त्यांना लागेल ते कर. माणुसकी सहीबाहेरही करता येते.

मुलींना आत्याचे पापे. तू मला हवा आहेस, तेव्हा जपून वाग.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. दुधाच्या प्रकरणावर ती हसली, आणि मग म्हणाली, ताईंना तुम्ही सगळं कळवलेलं दिसत नाही. तिचं खरं आहे. आज लिहितो.

मावशी पडल्या त्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, मी त्याच लिफ्टच्या महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. ब्रेकचं अस्तर झिजलं की डबा मजल्याच्या रेषेवर नेमका थांबत नाही, किंचित घसरून थांबतो. मला ते दिसलं. अर्धंच बोट, पण दिसलं. नवं अस्तर पिशवीत नव्हतं, सोमवारी मिळणार होतं. नियम असा की असं काही दिसलं की वहीत लिहायचं, आणि लिहिलं की लिफ्ट बंद करून पाटी लावायची.

मी पिशवीतून पाटी काढलीसुद्धा होती. तेवढ्यात मावशी दारात आल्या. म्हणाल्या, अरे, बंद करू नकोस रे, रविवारी चाळीस पोशाख पोचवायचेत, हे गुडघे घेऊन मी चार जिने कशी उतरू. त्या नेहमी मला पाणी विचारतात. गेल्या वर्षी माझ्या कामाच्या शर्टाचा फाटका खिसा त्यांनी मी अंगात घातलेला असतानाच टाचून दिला होता, हलू नकोस नाहीतर तुलाच शिवून टाकीन म्हणत. मला नाही म्हणवलं नाही, आणि का बंद करतोय तेही त्यांना सांगितलं नाही. अर्ध्या बोटाने काय होतंय, असं मी मनात म्हटलं. पाटी पिशवीत परत घातली आणि वहीत लिहिलं, सर्व ठीक.

ताई, यंत्र बिघडतं हे तू बरोबर लिहिलंस. पण इथे यंत्राने मला आधी सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून वहीत खोटं लिहिलं. कॉटजवळ मी जे सॉरी म्हणालो ते तुझ्या यादीतलं शेवटचं होतं. इंग्रजी शब्द तोंडात आला, कारण तो पटकन सुटतो. घरातलं वाक्य तोंडात आलंच नाही.

हे आणखी कोणालाही माहीत नाही. फक्त हिला, मला आणि आता तुला. सही केली तर ते कधीच कोणाला कळणार नाही. आता काय करू, लिही. पण तुला जे वाटतं ते लिही. मला वाचवायला म्हणून काही लिहू नकोस.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी तुला शब्दांचे अर्थ सांगितले आणि त्यांतला लपायला सोयीचा कोणता तेही दाखवून दिलं. सही करू नकोस. जे झालं ते जसं मला लिहिलंस तसंच लिही, एकही शब्द सजवू नकोस. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. मी आहे. मुलींच्या शाळेत काही कमी पडू देणार नाही.

हे लिहून पत्र संपवणार होते. पण तुला असा उपदेश करून मी मोकळी राहू शकत नाही.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी तुला कळवलं होतं की ऑफिसात फार काम होतं, रजा मिळाली नाही, शेवटच्या दिवसांत येता आलं नाही याचं वाईट वाटतं. तू उत्तरात फक्त दिवसकार्याची तारीख लिहिलीस. रजा मिळाली होती. तिकीटही काढलं होतं. मी स्टेशनापर्यंत गेले, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले, गाडी आली आणि गेली. आईचा तो खंगलेला चेहरा बघायची मला हिंमत झाली नाही. तू एकटा तिचं सगळं करत होतास आणि मी घरी परत येऊन चहा केला. शेजारणीने विचारलं तर गाडी चुकली म्हणून सांगितलं.

नऊ वर्षं मी वाईट वाटतं म्हणत आले. धाकट्या, माझं चुकलं.

मी काही मागत नाही. एकच विचारते, तेही तुझ्या मनाला येईल तेव्हा सांग, नाहीतर सांगू नकोस. शेवटी आई काय बोलत होती? तिने मला विचारलं का?

मला तोडू नकोस एवढंच,
ताई

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकोणीस तारखेला कागद दिला. त्यांचा नव्हे, माझा. एका पानाचाच झाला. शुक्रवारी काय पाहिलं ते लिहिलं, पाटी काढून परत ठेवली ते लिहिलं, वहीतली नोंद खोटी आहे हे लिहिलं, आणि हॉस्पिटलात सॉरी म्हणालो तेव्हा मला माझं चुकलं असंच म्हणायचं होतं, हेही लिहिलं. लिफ्ट चालू ठेव असं मावशी म्हणाल्या होत्या ते मात्र लिहिलं नाही. ही म्हणाली, का नाही? मी म्हटलं, लिफ्टमधलं मला कळतं, त्यांना नाही. त्या काहीही म्हणोत, पाटी माझ्या हातात होती.

कायदावाल्या बाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, तुम्हाला कळतंय ना, हा आता वर जाणार, मला अडवता येणार नाही. मी हो म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, माझ्या वडिलांच्या इमारतीतही आपलीच लिफ्ट आहे. चौकशी होईपर्यंत मला वर्कशॉपला बसवलंय. दिवसभर लिफ्टच्या मोटारी उघडायच्या, पुसायच्या, पुन्हा जोडायच्या.

तिथून तसाच मावशींकडे गेलो. भाचा खाली औषधं आणायला गेला होता. या वेळी उभं राहून बोललो नाही, स्टूल ओढून बसलो आणि शुक्रवारपासून सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, माझं चुकलं.

मला वाटलं होतं, त्या डोक्यावरून हात फिरवतील. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. त्यांनी विचारलं, तुला दोन दिवस आधी माहीत होतं? मी हो म्हणालो. तर म्हणाल्या, अठरा दिवस मी इथे पडून स्वतःला शिव्या देतेय, की मीच हट्ट केला, मीच त्याला लिफ्ट बंद करू दिली नाही, मीच डोळे फुटल्यासारखी चालले. अठरा दिवस. आणि तू हे खिशात घालून फिरत होतास? आवाज चढला तशी शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जा म्हणाल्या. मी निघालो. जिन्यात भाचा भेटला. त्यालाही सगळं सांगितलं. तो औषधं घेऊन वर गेला.

ताई, त्यांच्या हाडापेक्षा हे मला जास्त लागलंय. पाडलं ते एकदाच. त्यानंतर रोज त्यांच्या डोक्यावर माझं ओझं ठेवून मी घरी जेवत होतो.

तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल, आईबद्दल, आज लिहीत नाही. राग आला. अजून आहे. पण तोडण्यासारखं काही नाही, तेवढी खात्री बाळग.

तुझा,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

राग आहे हे तू लिहिलंस ते बरं केलंस. तो मला नऊ वर्षं दिसत होता, मी नाही दिसत असं करत होते.

मावशींकडे पुन्हा जा, पण लगेच नको, आणि काही मिळवायला म्हणून नको. त्यांना रागवायचा पुरता अधिकार आहे. मन हलकं करायला तू त्यांच्या कॉटचा उपयोग करायचा नाहीस. त्या बोलावतील तर जा, एखादं काम सांगतील तर कर.

धाकटीचा नवा दात आला का? तिच्यासाठी रंगीत खडू पाठवतेय. थोरली रुसेल म्हणून तिलाही तेच, मोठी पेटी. तुझ्यासाठी चांगल्या टोपणाचं पेन. ते चावलं गेलं तर तूच चावलंस असं मी समजेन.

दुसऱ्या पानाची घाई नाही. मी इथेच आहे.

तुझी,
ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खडू पोचले. भिंतही पोचली, म्हणजे धाकटी भिंतीपर्यंत पोचली. तू आलीस की बघशील, चष्मा घातलेली आत्या दारामागे काढून ठेवली आहे, कान मात्र फार मोठे झालेत.

चौकशी संपली. वर्षभर एकट्याने लिफ्टचं काम करायचं नाही, वर्कशॉपमध्येच राहायचं, नंतर पुन्हा परीक्षा द्यायची. नोकरी राहिली. मला वाटलं होतं त्याहून हे कमीच. कायदावाल्या बाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या होत्या, ग्रीसमधून साडी सावरत. म्हणाल्या की माझ्या कागदानंतर त्या बनावटीच्या सगळ्या लिफ्टचे ब्रेक तपासायला सांगितले. नऊ ठिकाणी अस्तर झिजलेलं निघालं, आणि नऊच्या नऊ वह्यांत ठीक लिहिलं होतं. मी एकटाच तसा नव्हतो हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. त्या नऊ लिफ्टमधून रोज किती माणसं चढत असतील ते मोजत बसलो.

मावशी घरी आल्या. भाचा सध्या त्यांच्याकडेच राहतो. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. गेल्या आठवड्यात त्यांनी वॉचमनकडून निरोप धाडला, त्या मेकॅनिकला पाठव. गेलो. बस म्हणाल्या नाहीत. पोशाख बेतायचा मोठा कागद आणि खडू पुढे केला आणि म्हणाल्या, तो ब्रेक कसा असतो ते काढून दाखव. मी काढला. अस्तर कुठे, झीज कुठे, अर्ध्या बोटाची दोन बोटं दोन दिवसांत कशी झाली, सगळं विचारून घेतलं. भाचाही वाकून बघत होता. मग मावशी म्हणाल्या, सगळे फुलं घेऊन आले आणि वाईट झालं म्हणून गेले, मी कशाने पडले ते कोणी सांगितलं नाही. राग गेलाय असं समजू नकोस. पण शिवणाचं मशीन खोलीच्या या कोपऱ्यातून खिडकीपाशी हलवायचंय, जड आहे, एक बाजू धर. मी आणि भाच्याने मिळून ते हलवलं. त्या बसल्या, पायडलवर चांगला पाय ठेवून बघितला, आणि आम्हाला दोघांना जा म्हणाल्या, कामाला लागायचंय.

आता दुसरं पान. महिनाभरात हे पत्र चार वेळा सुरू केलं आणि इथे येऊन थांबलो.

शेवटच्या दोन दिवसांत आईला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती कधी मामा समजायची, कधी डॉक्टर. सकाळच्या पाळीला एक नर्स यायची, तुझ्याच उंचीची, चष्मेवाली. शेवटच्या सकाळी ती आत आली तशी आईने डोळे उघडले आणि म्हणाली, आलीस? किती गं उशीर. नर्स थबकली. तिने माझ्याकडे बघितलं. ही माझी बहीण नाही असं मी म्हणू शकलो असतो, पण बोललो नाही. मग ती आईजवळ वाकली आणि म्हणाली, चुकलं माझं. आई म्हणाली, असू दे, दमली असशील, बस. आणि ज्या पायांत बळ उरलं नव्हतं ते तिने आखडून घेतले आणि कॉटवर जागा करून दिली. त्या नर्सला अख्खा वॉर्ड बघायचा होता, तरी ती बसली. आईने तिचा हात धरला. तसाच धरून तिला झोप लागली, आणि दुपारी त्या झोपेतच ती गेली.

हे मी तुला नऊ वर्षं सांगितलं नाही. विसरलो म्हणून नाही. हे कळलं तर तुझं मन हलकं होईल हे मला माहीत होतं, आणि ते हलकं व्हायला मला नको होतं.

ताई, तुझी वाट बघताना ती रागावलेली नव्हती. हे माझ्याकडे होतं आणि ते तुझं होतं. माझं चुकलं.

तू ये. मी स्टेशनावर असेन.

तुझा,
धाकटा